चवीपुरतं धाडस

माझ्या फोनमध्ये 'पाकिटं' नावाचा एक फोल्डर आहे. गेल्या सात-आठ वर्षांत मी खाल्लेल्या प्रत्येक नव्या चवीच्या वेफर्सचा फोटो त्यात आहे. वासाबी, किमची, कैरी, पेरी पेरी, ट्रफल नावाच्या महागड्या बुरशीचा वास मारलेले, चॉकलेट लावलेले. कुणी परदेशी निघालं की मी सांगायचो, "मॅग्नेट नको, तिथल्या दुकानातलं सगळ्यात विचित्र पाकीट आण." अट एकच, शाकाहारी हवं. ते घरातून आलेलं आहे आणि मी कधी मोडलेलं नाही. बाकी मी काहीही खाऊन बघतो, असं मी लोकांना सांगायचो. डेटिंग ॲपवरच्या माझ्या प्रोफाइलमध्येही हे वाक्य होतं, हे कबूल करून टाकतो.

हा फोल्डर परवा डिलीट करायला घेतला आणि एका फोटोपाशी थांबलो. थायलंडहून आलेलं पाकीट. समुद्री शेवाळाची, म्हणजे नोरीची चव. २०१८ साल. फोटोत मागे आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटची गॅलरी दिसते.

त्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहायचो. एक जण अलिबागजवळचा होता. गणपतीला घरी गेला की येताना त्याच्या आईने दिलेली बरणी घेऊन यायचा. सुक्या बोंबलाची चटणी. लसूण, सुकी मिरची, वरून कोकम. रात्री मेसचा डबा फारच पुचाट निघाला की तो ती बरणी उघडायचा. पहिल्यांदा उघडली तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अरे, हे गॅलरीत खातोस का? वास राहतो रे खोलीत."

तो गॅलरीत गेला. पुढे कधी सांगावं लागलं नाही. बरणी काढली की आपणहून दार लोटून घ्यायचा.

मग ते थायलंडचं पाकीट आलं. मी ते खोलीत, पलंगावर, तिघांच्या मध्ये समारंभाने फोडलं. त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि हसायलाच लागला. "अरे, हे तर आमच्या बोंबलासारखं लागतंय!"

मी त्याला समजावलं, "नाही रे. ह्याला उमामी म्हणतात."

"बरं," तो म्हणाला.

लोकांना मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात तसं मला तेव्हा झालं नाही. ते व्हायला बरीच वर्षं लागली आणि त्यासाठी एका आकड्याची मदत झाली.

मसाला वेफर्सचं कुठलंही पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच वेळा 'फ्लेवर एन्हान्सर' असं लिहून पुढे ६२७ आणि ६३१ हे दोन आकडे दिसतील. १९०८ साली तोक्योत किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. १९१३ साली त्याच्याच शिष्याने, शिंतारो कोदामाने, दुसरा पदार्थ शोधला, इनोसिनेट. तो शोधला कशातून? कात्सुओबुशीतून. कात्सुओबुशी म्हणजे धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक केलेला मासा. जपानी स्वयंपाकात तो किसून त्याचं पाणी करतात. ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की चव बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. आणि आपल्या पाकिटावरचा ६३१ म्हणजे हेच इनोसिनेट, सोडियमशी बांधलेलं.

थोडक्यात, मी ज्या मसाला वेफर्सवर वाढलो त्यांना चटक लावणारी गोष्ट विज्ञानाला पहिल्यांदा सुक्या माशात सापडली. बोंबील म्हणजे कात्सुओबुशी नव्हे, मान्य. जात वेगळी, पण कूळ एकच. माझा मित्र रसायनशास्त्र न शिकता बरोबर बोलला होता आणि मी त्याला शब्द शिकवत होतो.

हिरव्या टिपक्याच्या पाकिटात हे रसायन मासा मारून आलेलं नसतं. स्टार्च किंवा साखर आंबवून, जिवाणूंकडून ते करून घेतात. ६३१ म्हणजे डुकराची चरबी, असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड तुमच्याही घरी येऊन गेला असेल. आमच्याकडे तो आजीला आला होता. मी तिला वरची सगळी हकीकत सांगितली. मासा नाही आजी, फक्त माशात असते ती चव. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे मासा नको, पण माशाची चव हवी. मग तू सोडलंयस नक्की काय?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे आहे. मी जीव मारणं सोडलंय, चव नाही. हे उत्तर मला आजही पटतं. पण त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो आणि तो जास्त अडचणीचा आहे. माझी हरकत जर फक्त मारण्याला होती, तर बरणी खोलीबाहेर का गेली? मला कुणी खायला सांगत नव्हतं. ती उघडल्याने एकही बोंबील जास्त मेला नसता. हरकत वासाला होती. आणि तोच वास परदेशी पाकिटातून आला तेव्हा मी त्याला टाळ्या वाजवल्या.

मग जे मी इतकी वर्षं करत होतो, त्याला काय म्हणायचं? मी त्याला खुलेपणा म्हणत होतो. नवं खाऊन बघणारा माणूस मनाने मोकळा असतो, हे आपण सगळेच धरून चालतो. ते धरून चालणं अगदीच चुकीचं नाही. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली 'सर्वभक्षकाचा पेच' मांडला. उंदीर आणि माणूस यांच्यासारख्या काहीही खाऊ शकणाऱ्या प्राण्याला नवं अन्न हवंही असतं आणि त्याची भीतीही वाटते, कारण नव्यात पोषण असू शकतं तसं विषही. म्हणजे अनोळखी घास तोंडात घालण्यात खरोखरच थोडं धाडस आहे. होतं. पाकिटाने ते काढून घेतलं. विषाची भीती नाही, बॅच नंबर आहे, ग्राहक तक्रारीचा फोन नंबर आहे. धाडसाचा आव तेवढा उरला, चवीपुरता.

चवीतलं नवेपणही तपासून पाहा. वैद्यकशास्त्राने सहा रस सांगितले. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. (गंमत म्हणजे संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मराठीत येताना दोघांनी घरं बदलली.) आता दुकानातली माळ बघा. गोड, आंबट, खारट, तिखट यांच्या सगळ्या जोड्या सापडतील. कडू? तुरट? कारल्याचे काप मिळतात, पण त्यातलं कारलं मारण्यासाठी किती मसाला लावलेला असतो! माझ्या फोल्डरमधली शंभरेक पाकिटं म्हणजे तोच बटाटा, तेच तेल, तेच मीठ आणि वर वेगळी पूड. पूर्वी तर पूडही नव्हती. इंग्लंडात स्मिथ्सच्या पाकिटात मिठाची निळ्या कागदातली पुडी यायची, ती आपणच भुरभुरायची. १९५४ साली आयर्लंडमध्ये जो मर्फी या माणसाने टेटो कंपनी काढली, तिथे चीज आणि कांद्याची चव वेफर्सना लावण्याचं जमलं आणि तिथून ही सगळी गाडी सुटली.

२००८ साली ब्रिटनमध्ये वॉकर्स कंपनीने लोकांकडूनच नव्या चवी मागवल्या. शेवटच्या सहांत कांदाभजी होती, मिरची-चॉकलेट होतं आणि 'केजन स्क्विरल' म्हणजे चक्क मसालेदार खार होती. त्यात खार नव्हती, हे सांगायला नको. लोकांनी मतं दिली आणि जिंकली कुठली चव? 'बिल्डर्स ब्रेकफस्ट'. अंडी, बेकन, सॉसेज, बीन्स. तिथल्या कुठल्याही टपरीवरची सकाळची थाळी. खार पुढ्यात असताना त्यांनी घरचा नाश्ता निवडला. मला ते लोक आवडतात. निदान खोटं बोलले नाहीत.

एल. ए. पॉल या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंचं २०१४ सालचं 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्सपीरियन्स' हे पुस्तक आहे. त्यात ड्युरियन फळाचं उदाहरण येतं. ज्याने ते खाल्लेलं नाही त्याला ते कसं लागेल हे आधी कळूच शकत नाही, मग खायचं की नाही हा निर्णय तो कशाच्या जोरावर घेणार? त्या पुढे मोठ्या अनुभवांकडे जातात. मूल होणं, उदाहरणार्थ. तिथे फक्त माहिती वाढत नाही, माणूसच बदलतो. पाकिटाचं वैशिष्ट्य हे की ते यातलं काहीच करत नाही. खाण्याआधी मी जो होतो तोच बोटं चाटून झाल्यावर असतो. बरणीचं तसं नव्हतं. ती खोलीत उघडू दिली असती तर मला काहीतरी द्यावं लागलं असतं. निदान "आईने कशी केली रे?" एवढं विचारावं लागलं असतं. मग त्याच्या आईबद्दल ऐकावं लागलं असतं, मासे वाळवायच्या जागेबद्दल, कदाचित पुण्यात आल्यावर त्याला अजून कुणी कुणी कुठे कुठे गॅलरी दाखवली त्याबद्दल. पाकिटाला आई नसते.

इथे मला पाकिटाची बाजूही घेतली पाहिजे, कारण त्याला शिव्या घालणं हा पुन्हा पोट भरलेल्यांचाच छंद आहे. तालुक्याच्या गावात पाच रुपयांत 'अमेरिकन' क्रीम अँड अनियन मिळालं तेव्हा क्रीम म्हणजे काय हे आम्हाला माहीत नव्हतं, साय माहीत होती. ते हिरवं पाकीट म्हणजे जगाची पहिली खिडकी होती. शिवाय मधल्या सुट्टीत डबे वेगवेगळ्या कोंडाळ्यांत उघडायचे, पण पाकीट फुटलं की सगळ्यांचे हात आत. कुणाच्या घरचं, कुणी केलं, हा प्रश्नच नाही. ज्या समाजात कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही यावर शतकं गेली, तिथे हात न दिसणारं अन्न ही लहान गोष्ट नव्हे.

फक्त, पाकिटाने तो प्रश्न सोडवला नाही, झाकला. हात दिसला की आम्ही पुन्हा होतो तिथे. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ सालचं पुस्तक वाचलं नसेल तर वाचा. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं त्यांनी पाककृतींसकट लिहिलंय. मी ते उशिरा वाचलं. जगभरच्या चवी गोळा करणाऱ्या मला त्यातले निम्मे पदार्थ नावानेही माहीत नव्हते आणि ते सगळे माझ्या गावापासून एसटीने एका दिवसात जाता येईल अशा ठिकाणी शिजत होते.

गांधींच्या आश्रमातल्या अकरा व्रतांत एक 'अस्वाद' होतं. जिभेसाठी खायचं नाही, शरीरासाठी खायचं. मला ते झेपणार नाही आणि खरं सांगायचं तर पटतही नाही. चव सोडून देणं हा माझ्या अडचणीवरचा उपाय नव्हे. पण जिभेचे लाड आणि मनाचा मोकळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या व्रताला माझ्यापेक्षा बरं कळलं होतं.

मग मी काय करायला हवं होतं? मासा खायला हवा होता, असं मला वाटत नाही. खुलेपणा सिद्ध करण्यासाठी प्रत्येकाने प्रत्येकाचं सगळं खाल्लंच पाहिजे, हा नियम केला तर तो उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात काटा होऊन अडकेल. न खाण्याचा हक्क मला हवाय. पण मी न खाता शेजारी बसू शकलो असतो. दोन फूट अंतरावर, माझी पोळी-भाजी घेऊन. पहिल्या दिवशी वास आला असता, चौथ्या दिवशी आला नसता. नाकाला सवय लागते, त्याला वेळ द्यावा लागतो इतकंच. एवढं साधं न सुचण्याचं कारण मला अजून नीट सांगता येत नाही. 'संस्कार' हा शब्द मी वापरू शकतो, पण तो वापरला की दोष आपोआप आईवडलांकडे सरकतो, आणि बोललो तर मी होतो.

फोल्डर डिलीट केला नाही. तो एक फोटो मात्र त्याला पाठवला आणि लिहिलं, की बोंबलाच्या बरणीवरून तुला गॅलरीत पाठवायचो, ते चुकलंच माझं.

अर्ध्या तासाने उत्तर आलं. "कुठली बरणी? मला तर आठवतही नाही रे. सोड."

मी अंगठ्याचा इमोजी टाकला आणि फोन ठेवणार, तेवढ्यात पुन्हा वाजला.

"डास फार होते पण तिथे."