पहिल्या घोटानंतर

1992 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जोसेफ व्होल्पिसेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारूच्या आहारी गेलेल्या 70 माजी सैनिकांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचार बारा आठवड्यांचे होते. काहींना नाल्ट्रेक्सोन हे औषध मिळत होते, तर काहींना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी 23 टक्के लोक पुन्हा पूर्वीसारखे पिऊ लागले. दुसऱ्या गटात हे प्रमाण 54 टक्के होते. पण त्याहून बोलका तपशील पुढे आहे. उपचार चालू असताना औषध नसलेल्या गटातल्या 20 जणांनी कधी ना कधी दारूला तोंड लावले आणि त्यांतले 19 जण पुन्हा व्यसनात बुडाले. नाल्ट्रेक्सोनच्या गटात 16 जणांचा पाय घसरला, पण त्यांतले आठ जण सावरले.

म्हणजे या गोळीचा खरा जोर दिसला तो पहिला घोट घेतल्यावर, त्याच्या मागून येणारा लोंढा आवरण्यात. त्याच वर्षी येल विद्यापीठात स्टेफनी ओमॅली यांच्या गटालाही नाल्ट्रेक्सोनचा फायदा दिसला. 1994 मध्ये अमेरिकेने दारूच्या व्यसनासाठी या औषधाला मान्यता दिली. तीस वर्षे उलटली, तरी व्यसनमुक्तीकडे पाहण्याची आपली नजर या निष्कर्षाच्या बरीच मागे आहे.

असे का घडते, याचे उत्तर मेंदूतल्या रिसेप्टरमध्ये आहे. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचा ग्राही. ठरावीक रेणू त्याला येऊन चिकटला की पेशीला संदेश मिळतो. अफूला असा स्वतःचा ग्राही आहे, निकोटीनलाही आहे. दारूला मात्र तसा एकच एक ग्राही नाही. तिचा रेणू अगदी लहान असतो आणि तो अनेक ठिकाणी एकदम ढवळाढवळ करतो. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा रिसेप्टरचे काम तो वाढवतो, उत्तेजन देणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरचे काम दाबतो. शिवाय शरीरात तयार होणारी एंडॉर्फिन ही अफूसारखी रसायने तो मोकळी करतो. ती म्यू-ओपिऑइड रिसेप्टरला चिकटली की सुखाची जाणीव होते आणि ‘अजून हवी’ ही ओढ बळावते. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी माणसांच्या मेंदूचे पेट स्कॅन करून दारू प्यायल्यावर सुटणाऱ्या एंडॉर्फिनचा पुरावा दिला. नाल्ट्रेक्सोन हा म्यू रिसेप्टर अडवून धरते. त्यामुळे माणूस प्यायला तरी बक्षीस तोकडे पडते आणि दुसऱ्या पेल्याची ओढ सैल होते.

गाबा आणि एनएमडीएची बाजू जास्त धोक्याची आहे. वर्षानुवर्षे दारूने दाबलेला मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवत नेतो. दारू एकदम थांबली की दाब निघून जातो आणि उत्तेजना तेवढीच राहते. मग हात कापतात, झोप उडते, काहींना फिट येतात, काहींना भास होऊ लागतात. वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. 2020 च्या टाळेबंदीत दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली, तेव्हा बंगळुरूच्या रुग्णालयांत अशा गुंतागुंतीचे रुग्ण वाढल्याची नोंद डॉक्टरांनी केली. ‘मनात आणलं तर आजच्या आज सोडेल’ असे घरचे म्हणतात तेव्हा त्यांचा हेतू चांगला असतो. पण दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून दारू तोडणे हा जिवाशी खेळ आहे. हा टप्पा डॉक्टरच्या देखरेखीखाली, गाबा रिसेप्टरवर काम करणारी औषधे हळूहळू कमी करत पार करावा लागतो.

दारूच्या वाटा अनेक असल्याने एकच वाट अडवणारे औषध सगळ्यांना सारखे लागू पडत नाही. 2023 मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, रोज 50 मिलिग्रॅम नाल्ट्रेक्सोन 11 जणांना दिले, तर एकाचे पुन्हा भरमसाट पिणे टळते. हा परिणाम माफक आहे, पण वैद्यकात रोज वापरल्या जाणाऱ्या कितीतरी औषधांचा हिशोब याहून फारसा वेगळा नसतो. नव्या लक्ष्यांचा शोधही चालूच आहे. ताणाशी निगडित सीआरएफ-1 रिसेप्टर अडवल्यावर व्यसनी उंदरांचे पिणे कमी झाले, पण माणसांत तलफ हटली नाही. मधुमेह आणि लठ्ठपणासाठी वापरले जाणारे सेमाग्लुटाइड जीएलपी-1 रिसेप्टरवर काम करते. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 48 जणांच्या छोट्या चाचणीत त्याने तलफ कमी केली. पिण्याचे दिवस कमी झाले नाहीत, पण ज्या दिवशी माणूस प्यायला त्या दिवशी तो कमी प्यायला. रिसेप्टर वेगळा, औषध वेगळे, तरी 1992 सारखाच धडा इथेही मिळाला.

भारतात मात्र बराच काळ भर राहिला तो डायसल्फिरामवर. हे औषध मेंदूच्या वाटेने जात नाही. दारूचे पचन अर्ध्यावर अडवते. मग प्यायलेल्याचा चेहरा लाल होतो, छातीत धडधड होते, उलट्या होतात. आनंद कमी करण्याऐवजी ते शिक्षेची धास्ती घालते. या पद्धतीला पुरावा नाही असे नाही. मुंबईत 100 पुरुषांवर वर्षभर चाललेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायसल्फिराम घेणारे 86 टक्के लोक दारूपासून दूर राहिले, नाल्ट्रेक्सोनच्या गटात 44 टक्केच. या निकालाकडे डोळेझाक करता येणार नाही. मात्र त्या प्रत्येक रुग्णामागे औषध घेतले की नाही हे पाहणारे घरचे माणूस होते आणि आपण कोणते औषध घेतो हे रुग्णाला ठाऊक होते. धास्ती ठाऊक असली तरच काम करते. तलफ मात्र नाल्ट्रेक्सोनच्याच गटात कमी होती. ज्याच्या घरी लक्ष ठेवायला कोणी नाही, किंवा जे घर त्याच्या व्यसनापायी मोडून गेले आहे, त्याला धास्तीचा आधार कुठून मिळणार? आणि ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून हे औषध भाजी-आमटीत मिसळले गेले, तर नकळत प्यायलेल्या माणसाचा रक्तदाब कोसळून त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो.

शिक्षेकडे असलेला हा कल यशाच्या आपल्या व्याख्येतून येतो. दारू सुटली की सुटली, नाही तर सगळे वाया. या निर्धाराने अनेक घरे वाचवली आहेत. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांनी कितीतरी जणांना उभे केले आहे. यकृत किंवा स्वादुपिंड निकामी होत आलेल्या माणसाला पूर्ण वर्ज्य करण्याशिवाय दुसरा रस्ता नाही. पण हाच एक मापदंड सर्वांना लावला, की महिन्यातून वीस दिवस पिणारा चार दिवसांवर आला तरी तो नापास ठरतो. तो दवाखान्यात यायचे सोडतो, आणि पुढची घसरण नेमकी तिथूनच सुरू होते. युरोपने मात्र 2013 मध्ये नाल्मेफीन या औषधाला मान्यता दिली, ती पिणे कमी करण्यासाठी. पिण्याची शक्यता वाटेल त्या दिवशी घ्यायची गोळी म्हणून.

2019 मध्ये जाहीर झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 2.9 कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत, आणि अशा 38 जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो. नवा रिसेप्टर सापडेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दारूच्या व्यसनावरची दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 1,383 रुग्णांच्या कम्बाइन चाचणीत नाल्ट्रेक्सोनला डॉक्टर-परिचारिकांच्या थोडक्या, नियमित भेटींची जोड दिली, तरी फायदा दिसला. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून काम करून घेतले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के पुरुष धोकादायक पिण्यातून बाहेर आले होते, इतरांत 26 टक्के. तो कार्यक्रम मात्र हानिकारक पिणाऱ्यांपुरता होता. पूर्ण अवलंबून असलेल्यांना अधिक उपचारांची गरज असते.

उपचारांची ही उणीव तालुक्याच्या पातळीवर भरून काढता येण्याजोगी आहे. त्यासाठी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला दारू तोडण्याच्या काळातले धोके ओळखता आले पाहिजेत, यकृताची तपासणी करून आणि रुग्ण अफूजन्य औषधे घेत नाही याची खात्री करून नाल्ट्रेक्सोन सुरू करता आले पाहिजे. समुपदेशकाने दर भेटीत किती दिवस प्यायलास आणि त्या दिवशी किती, हे दोन्ही प्रश्न विचारावेत आणि दोन्ही उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. घसरून परत आलेल्या रुग्णाला पुढच्या भेटीची तारीख तिथेच मिळावी.