रिकामी व्हॅन

आमची कॅम्पर व्हॅन वाईजवळ मामांच्या शेतात, आंब्याखाली उभी असते. 2021 मध्ये आम्ही तिघा मित्रांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढून प्लायवूडचा पलंग ठोकला, टपावर सोलार पॅनल बसवलं. त्याच वर्षी राज्य सरकारचं कॅरॅव्हॅन धोरण आलं होतं, त्यामुळे आपण योग्य वेळी योग्य गाडीत बसलोय असं वाटत होतं. एकूण चार ट्रिपा झाल्या. मग एक जण कॅनडाला गेला, दुसऱ्याला मुलगी झाली आणि हप्ते माझ्याकडे राहिले.

वस्तू नुसती पडून राहिली की मला चैन पडत नाही. ऑफिसात रिकामा सर्व्हर दिसला तर आम्ही तो बंद करतो, नाहीतर कामाला लावतो. मी व्हॅन एका ॲपवर टाकली. रात्रीचे 2,200 रुपये. मेणवलीचा घाट जवळ, वर पाचगणी, सकाळी मामींच्या हातची भाकरी. हप्ते सुटायला लागले.

गेल्या मार्चमध्ये शेजारच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली होती. बीडकडची माणसं. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि दिवाळीनंतरचे पाच-सहा महिने ताडपत्रीच्या कोपीत काढायचे. एका शुक्रवारी रात्री अवकाळी आला. गारा पडल्या, कोप्यांत पाणी शिरलं. मामींनी व्हॅन उघडली आणि महिन्याभराच्या बाळाला घेऊन बसलेल्या एका बाईला आत झोपवलं. मला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसावं.

सकाळी मामांचा फोन. "पाऊस थांबेना. आजची रात राहू दे का तिला?"

"मामा, दोन वाजताचं बुकिंग आहे. घरात नाही का जागा?"

"ओसरीत चौदा माणसं हायेत आधीच."

मी गप्प राहिलो. मग म्हणालो, "दोनच्या आत मोकळी करा. चादरी बदला."

"बरं," मामा म्हणाले.

पुण्याचं जोडपं आलं, राहिलं, पाच स्टार देऊन गेलं. 'अगदी स्वच्छ' असं लिहिलं. सोबत खिडकीतून काढलेला फोटो: धुकं, भिजलेल्या कोप्या, एक पेटलेली चूल. फोटो खरंच सुंदर आहे. म्हणूनच तो मला बघवत नाही.

1795 मध्ये कांटने शाश्वत शांततेवरच्या निबंधात पाहुणचाराचा विचार केलाय. परक्याला पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क नाही, फक्त येण्याचा आहे, असं तो मानतो. त्याला परत पाठवता येतं, पण त्यात त्याचा नाश होणार नसेल तरच. या कसोटीवर मी सुटतो. बाळ ओसरीत झोपलं, त्याला साधी सर्दीही झाली नाही. शिवाय मी त्या जोडप्याला शब्द दिला होता, पैसे घेतले होते. त्यांचा यात काय दोष?

हे सगळं बरोबर आहे, आणि तरी माझं समाधान होत नाही. आपल्याकडे अतिथी शब्दाची फोड सांगतात: ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. मी ज्यांना 'गेस्ट' म्हणतो त्यांची तर तिथीच काय, चेक-इनची वेळही ठरलेली असते. तिथीशिवाय आलेली त्या दोन दिवसांत एकच होती.

खरी गोची 'रिकामी' या शब्दात आहे. शुक्रवारी ॲपवर व्हॅन रिकामी दिसत होती. आत दोन माणसं कोरडी झोपली होती. इतकी उपयोगी ती आमच्या चार ट्रिपांतही नव्हती. पण मी उपयोग मोजतो तो पैशांत, त्यामुळे ती रात्र माझ्या हिशेबात शून्य म्हणून पडली.

यंदाही टोळी आलीय. बाळ आलंय की नाही, मी विचारलं नाही. 'पुन्हा असं झालं तर मला फोन करू नका, सरळ व्हॅन उघडा' असं मामांना सांगायचं मी दिवाळीपासून ठरवतोय. कालही त्यांचा फोन आला होता. उसाच्या वजनाबद्दल बोललो, मामींच्या गुडघ्याबद्दल बोललो. ते वाक्य काही तोंडातून निघालं नाही. शनिवारचं बुकिंग आहे.