नसलेल्याचा पुरावा

‘सुपरमॅनचा जन्म क्रिप्टन ग्रहावर झाला’ हे वाक्य खरे की खोटे? कॉमिक्स वाचणारा कोणीही खरे म्हणेल. पण क्रिप्टन नावाचा ग्रह नाही आणि सुपरमॅन नावाचा माणूसही नाही. बर्ट्रांड रसेलने १९०५मध्ये केलेल्या विश्लेषणाचा हिशोब लावला, तर जे नाहीच त्याच्याविषयीचे असे विधान खोटे ठरते. मग ‘सुपरमॅनचा जन्म पुण्यात झाला’ हेही तितकेच खोटे. तरीही ज्ञानकोशाचा संपादक पहिले वाक्य ठेवतो आणि दुसरे खोडतो. हे तो कशाच्या बळावर करतो? आपल्याकडे योगसूत्रांनी या प्रश्नासाठी जागा करून ठेवली आहे. यथार्थ ज्ञान ते प्रमाण आणि चुकीचे ज्ञान तो विपर्यय. या दोहोंखेरीज विकल्प ही तिसरी वृत्ती तिथे सांगितली आहे : शब्दांमागोमाग येणारे, पण ज्याच्यामागे वस्तू नाही असे ज्ञान. सुपरहीरोंविषयीचे आपले सगळे ज्ञान या तिसऱ्या खणातले आहे. वस्तूच नसल्यामुळे वस्तूशी ताडून पाहण्याची सोय नाही. शिल्लक राहतो तो शब्द, म्हणजे कोणीतरी, कुठेतरी, कधीतरी लिहिलेला, काढलेला किंवा बोललेला. अशा वाक्याचा संदर्भ हा वाक्याचाच भाग असतो, असे माझे म्हणणे आहे. तो काढून घेतला तर वाक्य नुसते निराधार होत नाही, ते अपुरे राहते.

हे पटण्यासाठी ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक उघडावा. जेरी सीगल यांनी लिहिलेला आणि जो शस्टर यांनी चितारलेला हा अंक जून १९३८चा. त्यात नायकाची जन्मकथा अवघ्या एका पानात आटोपली आहे. ग्रह नष्ट होतो, पण त्याचे नाव दिलेले नाही. वाटेने जाणाऱ्या एका मोटारवाल्याला बाळ सापडते आणि ते अनाथालयात जाते. त्याला वाढवणाऱ्या केंट दांपत्याचा तिथे पत्ता नाही. नायक उडत नाही, उंच इमारतींवरून झेप घेतो. एवढी ताकद कुठून आली हे सांगायला त्याच पानावर मुंगी आणि नाकतोडा यांचे दाखले दिले आहेत. क्रिप्टन हे नाव आणि केंट पतिपत्नी वाचकांपुढे आले ते १९३९मध्ये. सुपरमॅनला दुबळे करणारा क्रिप्टोनाइट तर आधी कॉमिक्समध्ये नव्हताच. तो १९४३मध्ये रेडिओवरच्या मालिकेत आला आणि छापील कथेत यायला १९४९ उजाडले. पुढे १९८५-८६मध्ये डीसी कंपनीने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही मालिका काढून आपल्या विश्वाचा इतिहासच नव्याने मांडला, आणि लहानपणी सुपरबॉय म्हणून पराक्रम गाजवलेला सुपरमॅन अधिकृतपणे रद्द झाला. आता ‘सुपरमॅन लहानपणी सुपरबॉय होता’ या वाक्याचे काय करायचे? नुसत्या वाक्याला होही म्हणता येत नाही आणि नाहीही. ‘अमक्या वर्षीच्या, तमक्यांनी लिहिलेल्या कथांत तो सुपरबॉय होता’ असे म्हटले की मग ते तपासता येते. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईसने १९७८मध्ये सुचवले होते की कल्पित पात्रांविषयीच्या विधानांपुढे ‘अमुक कथेत’ हे शब्द अध्याहृत असतात. त्याच्यासमोर प्रामुख्याने शेरलॉक होम्स होता, म्हणजे एका लेखकाचे पात्र. शेकडो हातांनी ऐंशीहून अधिक वर्षे घडवलेल्या पात्राच्या बाबतीत हे शब्द अध्याहृत ठेवून चालत नाही. ते लिहावेच लागतात, आणि तळटीप नेमके तेच काम करते.

यावर निष्ठावंत वाचकाचा आक्षेप ठरलेला आहे. तो म्हणतो, मूळ अंक हाच संदर्भ. ते सगळे मी वाचले आहेत. मग विकिपीडियासारखा कोश माझ्याकडून कुठल्या तरी स्वतंत्र पुस्तकाचा किंवा लेखाचा दाखला का मागतो? आक्षेपात तथ्य आहे आणि विकिपीडियाचा नियमही ते मानतो. अंकात काय घडते हे सरळ सांगायला अंक पुरेसा आहे. अडचण त्यापुढे सुरू होते. परस्परविरोधी कथांतली कुठली ‘खरी’ धरायची, कुठल्या शक्तीला महत्त्व द्यायचे, एखादे पात्र कशाचे प्रतीक मानायचे, हे सगळे निवडीचे प्रश्न आहेत, आणि निवड करणारा आपले मत मांडत असतो. ते मत मांडू नये असे नाही. ते कोणाचे आहे हे वाचकाला कळले पाहिजे, इतकेच. उंबेर्तो एकोने १९६२मध्ये सुपरमॅनवर निबंध लिहिला आणि या कथांत काळ कसा धूसर ठेवलेला असतो, जेणेकरून नायक झिजत नाही, हे दाखवले. हा विचार कोशात एकोच्या नावानिशी येतो, तेव्हा वाचक त्याच्याशी भांडू शकतो. तोच विचार नाव न देता आला, तर तो सुपरमॅनच्या अंगचा गुणधर्म वाटू लागतो. मराठीला ही शिस्त नवी नाही. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी १९३२मध्ये ‘प्राचीन चरित्रकोश’ प्रसिद्ध केला. वेदांपासून पुराणांपर्यंतच्या व्यक्तींची चरित्रे देताना त्यांनी ठिकठिकाणी ग्रंथ आणि स्थळ यांचा निर्देश केला आणि एकाच नावाच्या व्यक्ती क्रमांक देऊन वेगळ्या ठेवल्या. ज्याची श्रद्धा आहे आणि ज्याची नाही, अशा दोघांनाही तो कोश सारखाच उपयोगी पडतो, कारण त्यात अमुक घडले असे ठासून न सांगता अमुक ग्रंथात असे म्हटले आहे हे दाखवलेले असते. सुपरहीरोंना देवतांच्या पंक्तीला बसवण्याचा इथे हेतू नाही. साम्य आहे ते कोशकाराच्या कर्तव्यात.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे आणि तो बॅटमॅनच्या इतिहासातून येतो. बॅटमॅन मे १९३९च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात अवतरला आणि त्यानंतर कित्येक दशके निर्माता म्हणून एकच नाव छापले गेले, बॉब केन. ती पहिली कथा लिहिली होती बिल फिंगर यांनी. केन यांच्या मूळ रेखाटनात लाल कपडे, ताठ पंख आणि डोळ्यांपुरता मुखवटा होता. वटवाघळाच्या कानांचा शिरोवेष, झूल आणि काळा-करडा रंग या सूचना फिंगर यांच्या. पण श्रेयाचा करार केन यांच्या नावे होता. फिंगर १९६५मध्ये न्यूयॉर्कच्या कॉमिक्स संमेलनात बोलले, आणि जेरी बेल्स या अभ्यासू चाहत्याने त्यांच्याशी बोलून त्यांच्या वाट्याची हकीकत एका हौशी नियतकालिकात लिहिली. केन यांनी चाहत्यांच्याच दुसऱ्या नियतकालिकाला पत्र पाठवून ती नाकारली. म्हणजे ज्याला आपण अधिकृत संदर्भ म्हणतो ती छापील श्रेयओळ दिशाभूल करत होती, आणि सत्य पडले होते चाहत्यांनी हाताने तयार केलेल्या, मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या पानांत. जो कोश अधिकृत आणि प्रतिष्ठित छापील मजकुरावरच विसंबतो, तो अशा वेळी अन्यायाचा भागीदार होत नाही का? होतो. हे मान्य केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

पण यावरून संदर्भ मागणेच चूक ठरते का? इथे न्यायदर्शन मदतीला येते. शब्द हे प्रमाण मानताना नैयायिकांनी तो आप्ताचा शब्द असावा अशी अट घातली. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त तो, ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जसे जाणले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो बजावतो. प्रतिष्ठेचा त्यात संबंधच नाही. या कसोटीवर १९६५चे केन उतरत नाहीत. त्यांना प्रत्यक्ष माहिती होती, पण श्रेय आणि पैसा दोन्ही त्यांच्या उत्तरावर अवलंबून होते. तेच केन १९८९च्या आत्मचरित्रात फिंगर यांचा वाटा कबूल करतात, तेव्हा ते स्वतःच्या हिताविरुद्ध बोलत असतात, आणि म्हणून त्या शब्दाचे वजन वाढते. बेल्स यांचे लेखनही ऐकीव गप्पांसारखे नव्हते. कोण बोलले, कधी बोलले, कोणत्या कामाविषयी बोलले, हे त्यात होते. मार्क टायलर नोबलमन यांनी २०१२मध्ये फिंगर यांच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले, तेही अशाच नोंदी आणि साक्षी जमवून. फिंगर यांना न्याय मिळवून दिला तो संदर्भांनीच. चूक होती ती संदर्भाच्या प्रतिष्ठेला त्याची विश्वासार्हता समजण्यात. १९७० साली एखाद्या कोशकाराने ‘१९७०पर्यंतच्या अंकांवर निर्माता म्हणून केन यांचे नाव आहे, आपलाही मोठा वाटा होता असे फिंगर यांनी १९६५मध्ये सांगितले, केन यांनी ते नाकारले’ असे लिहिले असते, तर त्यातला शब्दही आज बदलावा लागला नसता. ‘बॅटमॅनचा निर्माता बॉब केन’ हे सुटसुटीत वाक्य मात्र टिकले नाही. फिंगर १९७४मध्ये वारले. डीसीने त्यांना श्रेय देण्याचे जाहीर केले २०१५मध्ये.

एवढा काथ्याकूट मुलांच्या चित्रकथांसाठी कशाला, असे विचारणारेही आहेत. सीगल आणि शस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले आणि पुढे आयुष्याची बरीच वर्षे त्यासाठी झगडण्यात घालवली. कल्पित पात्रामागे असे खरे लेखक, खरे करार आणि खरी उपासमार असते. विषय क्षुल्लक म्हणून नोंद ढिली ठेवली, की झळ त्या माणसांना लागते.

मराठी वाचकाला हे काम आपल्या घरातही करता येईल. ली फॉकचा फँटम १९३६मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांत आला आणि १९६४पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने त्याच्या कथा भारतात अंकांच्या रूपात छापल्या. मराठीत तो वेताळ झाला. भारतीय संपादकांनी बंगाल्ला या देशाचे डेंकाली केले. फँटमची गुहा कुठल्या देशात आहे, याचे उत्तर तुमच्या हातात कोणता अंक आहे यावर ठरते. ज्यांच्या माळ्यावर किंवा कपाटात असे जुने मराठी अंक असतील, त्यांनी विकिपीडियावर आठवणीतून लिहू नये. अंक उघडावा, क्रमांक आणि तारीख टिपावी, लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांची नावे छापलेली असतील तर ती घ्यावीत, आणि नसतील तर नाहीत असे स्पष्ट नोंदवावे.