वाद, जल्प आणि यंत्रमानव

रोबोकॉनसारख्या स्पर्धेसाठी यंत्रमानव घडवणाऱ्या विद्यार्थी-संघात आराखड्याच्या टप्प्यावर मतभेद अटळ असतात. पकड हवेच्या दाबावर चालवावी की मोटरवर? चाके तीन की चार? यांत्रिकीचा विद्यार्थी वजन पाहतो, इलेक्ट्रॉनिक्सचा बॅटरी, प्रोग्रॅमिंगचा सेन्सर. अशा मतभेदातून निर्णयाकडे नेणारे बोलणे कसे असावे, हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचा आहे.

न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, म्हणजे गौतमांच्या न्यायसूत्रांत, चर्चेचे तीन प्रकार येतात. वाद तत्त्वनिर्णयासाठी, प्रमाण (ज्ञानाचे खात्रीचे साधन) आणि तर्काच्या आधारे चालतो. जल्पात जिंकणे हेच ध्येय असल्याने छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा विपर्यासही, चालतो. वितंडा करणारा स्वतःचा पक्ष मांडतच नाही, फक्त समोरच्याचा खोडतो. वाद कोणाशी करावा, हे सांगताना शिष्य, गुरू आणि सहाध्यायी यांचा उल्लेख येतो, आणि अट असते ती असूया नसण्याची. कार्यशाळेत हीच अट सर्वांत जड जाते. स्वतःच्या रेखाचित्रावर जीव जडतो, आणि सीनियरचे म्हणणे बघता बघता प्रमाण ठरते. आप्तवचन, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीचे सांगणे, न्यायदर्शनाच्या अनुयायांना (नैयायिकांना) प्रमाण म्हणून मान्य आहे खरे, पण विषय नीट जाणणाऱ्याचे आणि तो खरेपणाने सांगणाऱ्याचे. वरच्या वर्गात असणे ही काही पात्रता नव्हे. अशा वेळी पुठ्ठ्याचा कामचलाऊ नमुना तासभराच्या बोलण्याहून अधिक उपयोगी पडतो, कारण त्यातून प्रत्यक्ष हे प्रमाणच समोर येते.

जल्प-वितंडा मात्र सर्वस्वी त्याज्य नाहीत. कोवळ्या अंकुरांना काटेरी कुंपण, तसा त्यांचा उपयोग सूत्रांतच सांगितला आहे. आराखडा ठरल्यावर एकाने केवळ दोष काढायचे, ही परीक्षणाची रीत त्याच जातीची; फक्त ती धातू कापायला जाण्यापूर्वी उरकावी लागते.