छातीतला खजिना

दिमाग कुठे असतो, असे वर्गात विचारले की मुले डोक्याला हात लावतात. दिल कुठे, म्हटले की छातीला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कवींना ही वाटणी ठाऊक नव्हती. त्यांच्या काव्यात विचार आणि भावना दोन्ही छातीतच राहतात. आज इंग्रजीत 'मूड' हा शब्द लहरीपुरता उरला आहे. त्याचे जुने रूप 'मोड' मन, हिंमत, गर्व असे सारेच सांगत असे.

हे मन तापते, उसळते, छातीत मावेनासे होते. म्हणून कवी त्याला बंदोबस्तात ठेवतात. मनाला ते 'ब्रेओस्टहोर्ड', म्हणजे छातीतला खजिना म्हणतात आणि छातीला 'फेर्थलोका', म्हणजे मनाची बंदिस्त जागा. आपणही राज सीन्यात दफन करतो आणि मन मोकळे करतो. त्यामुळे ही भाषा आम्हांस परकी वाटली नाही.

इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये दहाव्या शतकातले एक हस्तलिखित आहे. त्यात 'द वाँडरर' ही कविता आहे. धनी आणि सोबती गमावलेला एक माणूस गारठलेल्या समुद्रावर एकटा भटकतो. खानदानी माणसाने मन छातीत जखडून ठेवावे, असे तो मानतो. सांगावे असे कोणी हयात नाही, हेही त्याचे दुःख आहे.

दुःख असे कोंडून ठेवणे हा सद्गुण आहे काय?

एका वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील वारले. चार दिवसांनी तो शाळेत आला आणि मुकाट्याने लिहीत बसला. रडला नाही. आम्ही सर्व मुलांना सांगितले, "सब्र याला म्हणतात." पुढे काही महिन्यांनी त्याने क्षुल्लक कारणावरून शेजारच्या मुलाला रक्त येईपर्यंत मारले. आम्ही त्याला शिक्षा केली.

'बेओवुल्फ' या जुन्या महाकाव्यात म्हातारा राजा ह्रोथगार तरुण बेओवुल्फला हेरेमोड राजाची गोष्ट सांगतो. हेरेमोडच्या छातीतला खजिना रक्ताला चटावला. त्याने पंगतीला बसणाऱ्या आपल्याच सोबत्यांचे जीव घेतले आणि लोकांना सोन्याची कडी वाटली नाहीत. त्या समाजात राजाचे मोठेपण दानावरून ठरे. खजिना साठवायचा, तो वाटण्यासाठी. वाटला नाही की तो धन्यालाच बिघडवतो. गोष्ट वाचताना आम्हांस तो मुलगा आठवला.

मग कुलूप नकोच काय? तसेही नाही. भेटेल त्याच्यापुढे मन उघडे टाकणे म्हणजे खजिना रस्त्यावर सांडणे. कुलूप हवे, पण त्याला किल्लीही हवी. याच काव्यात बेओवुल्फ परक्या किनाऱ्यावर उतरतो, तेव्हा पहारेकरी विचारतो, तुम्ही कोण, कुठले? आणि बेओवुल्फ आपला 'वर्डहोर्ड', म्हणजे शब्दांचा खजिना उघडतो. कवीने तिथे कुलूप उघडण्याचेच क्रियापद वापरले आहे.

पहारेकऱ्याने निदान विचारले तरी. आम्ही त्या मुलाच्या कुलपाची तारीफ केली, नंतर त्याला शिक्षाही केली. पण आत काय आहे, हे एकदाही विचारले नाही. सब्राची जबाबदारी आपण दुःखी माणसावर टाकतो. विचारण्याची जबाबदारी मात्र आपली असते.