सही आणि संमती

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातील (१७९८–१८३२) नेत्ररुग्णांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह जतन केलेली आहेत. बदलीवर आलेल्या आम्हां मराठी मंडळींस त्यांचा अभिमान वाटतो. पण मनात येते, राजाच्या पदरच्या वैद्यापुढे बसलेल्यास ‘नको’ म्हणता आले असते काय?

आज तोच प्रश्न हृदयरोग्यापुढे आहे. अँजिओग्राफी ही केवळ तपासणी. मनगटातून वा जांघेतून नळी घालून रोहिणीतील अडथळा पाहावयाचा. स्टेंट बसविणे हा निराळा उपचार. तातडीचा प्राणसंकटाचा प्रसंग सोडल्यास एकाची संमती दुसऱ्याची ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालातून स्पष्ट होते. शिवाय हृदयविकाराच्या झटक्यात स्टेंट जीव वाचवू शकतो, परंतु स्थिर छातीदुखीत मुख्यत्वे वेदना कमी करतो. त्याने आयुष्य वाढल्याचे २००७ व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसले नाही. सही करणाऱ्यास बहुधा याच्या उलट वाटत असते.

‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा’ असे म्हणण्याचाही रुग्णास अधिकार आहे, आणि तो विश्वास आम्ही हीन लेखीत नाही. मात्र तो ऐकून-समजून ठेवलेला असावा. परप्रांतात अडचण दुहेरी होते. गावाहून आलेल्या वडिलांस तमिळ येत नाही, इंग्रजी येत नाही. मुलगा दुभाषा होतो आणि मायेपोटी ‘धोका’ हा शब्दच गाळतो. सही मात्र वडिलांची! अशा वेळी काय होणार, कशासाठी, न केल्यास काय, हे वडिलांनीच आपल्या शब्दांत मराठीत परत सांगावे, मुलाने ते जसेच्या तसे डॉक्टरांस कळवावे, आणि मग कागद पुढे करावा.