हातभर जमीन

आदिलाबादच्या आमच्या घरामागे परसबाग आहे. यंदा शेजारच्या अक्कांनी मधलं कुंपण हातभर आमच्याकडे सरकवलं. माझा कढीपत्ता त्यांच्या आवारात गेला. हे म्हणाले, "मोजणी करून घेऊ." मी म्हटलं, "जाऊ द्या हो." अपरिग्रह आठवला, बरंही वाटलं.

पण रोज फोडणी देताना मी मनातल्या मनात अक्कांशी भांडत होते. आपल्या धर्मात हिंसा मन, वचन, काया अशी तिन्हींनी घडते. मग जमीन सोडून मी काय सोडलं?

आपल्या जुन्या जिल्ह्याच्या सीमेवर महाराजगुडा गाव आहे. तिथल्या एका घराच्या काही खोल्या महाराष्ट्रात, काही तेलंगणात. दोन्ही राज्यं हक्क सांगतात, पण घर दुभंगलेलं नाही. म्हणजे रेषेचा वाद असूनही मन अखंड ठेवता येतं.

क्षमावाणीच्या दिवशी अक्कांकडे गेले. मनात धरलेल्या रागाची क्षमा मागितली. मग म्हटलं, "अक्का, कुंपण मात्र जागेवर घ्या." क्षमेत राग सोडायचा असतो, खरं बोलणं नाही. त्या गप्पच राहिल्या.

कुंपण अजून तिथंच आहे. मोजणीचा अर्ज दिलाय. कढीपत्ता मात्र आता अक्कांकडे मागून आणते.